चित्रफितींतील लोकजीवन : जतन आणि प्रसार

गोमंतकातील दप्तर राखण्याची परंपरा चार शतकांहून अधिक जुनी आहे. १५९५ मध्ये दियोगो दो कौतो या इतिहासकाराकडे गोव्याच्या दप्तराची जबाबदारी सोपविण्यात आली. तेव्हापासून साठत आलेले पोर्तुगीज आणि मोडी कागद पणजी येथील पुराभिलेखागारात अभ्यासकांना आजही वाचावयास मिळतात. १८३२ मध्ये स्थापन झालेले सार्वजनिक ग्रंथालय आज कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय या नावाने वाचकांची सेवा करीत आहे. कागदाच्या बाबतीत गोमंतकाने दाखविलेली ही दक्षता अभिमानास्पद आहे.

परंतु गेल्या पन्नास वर्षांतील लोकजीवनाची नोंद केवळ कागदावर झालेली नाही. ती ध्वनिफितींवर, व्हिडिओ कॅसेटींवर, तबकड्यांवर आणि अलीकडे भ्रमणध्वनीच्या स्मृतिपत्रांवरही झालेली आहे. चारशे वर्षांपूर्वीचा कागद वाचता येतो. मात्र चाळीस वर्षांपूर्वी पेडणे तालुक्यातील एखाद्या देवळाच्या प्रांगणात चित्रित केलेला दशावतारी काला आज पाहता येईल, याची शाश्वती देता येत नाही. ज्या कपाटात ती कॅसेट ठेवली असेल, तेथेच ती हळूहळू निरुपयोगी होत असते. असे का घडते, ते कसे थांबविता येईल आणि वाचविलेले चित्रण लोकांपर्यंत कसे न्यावे, याची माहिती ग्रामस्थ, शिक्षक व अधिकारी यांना असणे अगत्याचे आहे.

स्वतंत्र चित्रण म्हणजे काय?

चित्रपटगृहात दाखविण्यासाठी मोठ्या भांडवलावर तयार होणारा चित्रपट आणि दूरदर्शनसारख्या संस्थेने प्रसारणासाठी केलेला कार्यक्रम, हे दोन प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत. या दोहोंबाहेर एक मोठे क्षेत्र आहे. एखाद्या कलावंताने स्वतःच्या कल्पनेने केलेली दृश्यरचना, एखाद्या अभ्यासकाने क्षेत्रकार्यात केलेले चित्रण, स्वतंत्र निर्मात्याचा माहितीपट, गावातील नाट्यमंडळाने आपल्या प्रयोगाची करून घेतलेली फीत, या सर्वांचा समावेश स्वतंत्र चित्रणात होतो. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात एका माणसाला वाहून नेता येईल असे व्हिडिओ यंत्र बाजारात आले आणि या प्रकाराला चालना मिळाली. चित्रण करण्यासाठी मोठा स्टुडिओ लागत नाही, हे ध्यानी येताच चित्रकार, शिल्पकार, नर्तक आणि सामाजिक कार्यकर्ते या माध्यमाकडे वळले.

१९७१ मध्ये यू-मॅटिक, १९७५ मध्ये बीटामॅक्स, १९७६ मध्ये व्हीएचएस, १९८५ मध्ये व्हिडिओ-८ आणि १९९५ मध्ये मिनी-डीव्ही अशा कॅसेटींच्या पिढ्या एकामागून एक आल्या. भारतात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत दूरचित्रवाणी आली आणि पाठोपाठ व्हीएचएस कॅसेट तालुक्याच्या ठिकाणापर्यंत पोहोचली. लग्नसमारंभाचे चित्रण करणारा व्यावसायिक जत्रेच्या रात्री देवस्थानच्या बोलावण्यावरून नाटकही चित्रित करू लागला. आपण इतिहासाचे साधन निर्माण करीत आहोत, याची जाणीव त्याला किंवा देवस्थान समितीला असण्याचे कारण नव्हते. तथापि, आज त्याच कॅसेटी अनेकदा त्या काळच्या लोककलेचा एकमेव दृश्य पुरावा ठरतात.

पेडणे व डिचोली तालुक्यांतील ठेवा

अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत पोर्तुगीज अमलाखाली आलेले पेडणे व डिचोली हे तालुके नव्या काबिजादींपैकी होत. तत्पूर्वी सावंतवाडीच्या भोसल्यांशी असलेला त्यांचा संबंध आणि सिंधुदुर्ग जिल्ह्याशी असलेली लगत यांमुळे येथील देवळांत, शाळांत व रंगभूमीवर मराठीचा वावर दृढ राहिला. जत्रेतील दशावतारी काला, उत्सवी नाटके, भजनी सप्ताह, शिमग्यातील रोमटे, पेडण्याची पुनव, शिरगाव येथील श्री लईराई देवीची जत्रा, साखळीनजीक विठ्ठलापूर येथील त्रिपुरारी पौर्णिमेचा नौकोत्सव, असा हा समृद्ध वारसा आहे. या वारशाची शब्दांतील नोंद विनायक खेडेकर यांच्या ‘लोकसरिता’सारख्या ग्रंथांनी केली आहे. तथापि नृत्याची गती, तालाची लय आणि वाणीचा चढउतार शब्दांत पूर्णपणे उतरत नाही.

दशावताराचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. दशावतारी नाटकाला बहुधा लिखित संहिता नसते. कथानक ठरलेले असते, पात्रांचा क्रम ठरलेला असतो. परंतु संवाद नट रंगमंचावर उभे राहून उत्स्फूर्तपणे बोलतात. समोरचे पात्र काय बोलेल त्याप्रमाणे उत्तर द्यावयाचे, प्रेक्षकांत कोण बसले आहे ते पाहून कोटी करावयाची, रात्र किती उरली आहे ते पाहून प्रसंग लांबवावयाचा किंवा आवरावयाचा, ही या कलेची खरी कसोटी. त्यामुळे प्रयोग संपला की त्याचे शब्दही संपतात. लिखित नाटकाचे पुस्तक ग्रंथालयात उरते; दशावताराच्या बाबतीत मात्र एखादी ध्वनिफीत किंवा चित्रफीत हेच त्या रात्रीचे पुस्तक होय. जुन्या पिढीतील नटाच्या निधनानंतर त्याची संवादशैली पुढील पिढीला शिकावयाची असेल, तर या फितीवाचून दुसरे साधन नाही.

दुसरे उदाहरण भूभागाचे आहे. डिचोली तालुक्यात लोहखनिजाच्या खाणींनी डोंगर, शेते व पाण्याचे स्रोत यांचे रूप अनेक ठिकाणी पालटले. २०१२ मध्ये खाणकाम थांबले, पुढे काही काळ ते पुन्हा सुरू झाले आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने ते पुन्हा थांबले. पेडणे तालुक्यातील मोपाच्या सड्यावर विमानतळ उभा राहिला व डिसेंबर २०२२ मध्ये त्याचे उद्घाटन झाले. या स्थित्यंतरांपूर्वी गावातील कोणी सहज केलेले चित्रण, मग ते एखाद्या लग्नाच्या वरातीचे का असेना, पार्श्वभूमीला त्या वेळचा डोंगर, वहाळ, शेत आणि वाट दाखविते. भूगोलाच्या शिक्षकाला, पाटबंधाऱ्याच्या अभियंत्याला आणि गावाच्या इतिहासकाराला अशा चित्रणाचा उपयोग आहे.

फीत का बिघडते?

व्हिडिओ फितीचे तीन घटक असतात. पॉलिएस्टरची पातळ पट्टी हा तिचा आधार. त्यावर चुंबकीय कणांचा थर. आणि हे कण पट्टीला धरून ठेवणारे चिकटद्रव्य. चित्र व ध्वनी यांची नोंद चुंबकीय कणांत असते. आधाराची पट्टी बरीच टिकाऊ आहे. दुर्बल दुवा आहे तो चिकटद्रव्याचा. हवेतील बाष्प शोषून ते हळूहळू विघटित होते आणि चिकट बनते. अशी फीत यंत्रात घातली असता ती यंत्राच्या भागांना चिकटते, तिच्यावरील थर खरवडला जातो आणि त्यासोबत चित्रही कायमचे जाते. फितीचे आयुष्य तिच्या दर्जावर व साठवणीवर अवलंबून असले तरी सामान्यतः ते दहा ते तीस वर्षे मानले जाते. १९८० व १९९० च्या दशकांतील कॅसेटींनी ही मर्यादा गाठली आहे किंवा ओलांडली आहे.

गोव्याच्या हवामानात हा धोका वाढतो. पावसाळ्यातील दमट हवेत कॅसेटीवर पांढरी बुरशी धरते. तिचे तंतू फितीच्या वेटोळ्यांत शिरतात. बुरशी आलेली एक कॅसेट यंत्रात चालविल्यास यंत्राचे शीर्ष दूषित होते आणि नंतर चालविलेल्या निर्दोष कॅसेटींनाही तिची लागण होते.

दुसरा धोका यंत्रांचा आहे. पुस्तक वाचण्यास डोळे पुरेसे असतात, कॅसेट पाहण्यास मात्र तिचेच यंत्र लागते. व्हीएचएस यंत्रे तयार करणाऱ्या जपानमधील फुनाई या अखेरच्या कारखान्याने २०१६ मध्ये त्यांचे उत्पादन बंद केले. सुटे भाग मिळेनासे झाले आहेत आणि ती दुरुस्त करणारे कारागीर वयोवृद्ध झाले आहेत. युनेस्को व ध्वनिचित्र अभिलेखागारांची आंतरराष्ट्रीय संघटना यांनी २०१९ मध्ये चुंबकीय फितींविषयी जगभर धोक्याची सूचना दिली. २०२५ च्या सुमारास फितींची पुनर्मुद्रणे पूर्ण व्हावीत, अशी मुदत अनेक अभिलेखागारांनी गृहीत धरली होती. ती मुदत उलटली आहे. म्हणजे आता सर्व वाचविण्याचा नव्हे, तर जे वाचविता येईल त्याचा अग्रक्रम ठरविण्याचा काळ आहे.

चित्रपटसृष्टीचा धडा

दिरंगाईची किंमत किती मोठी असते, हे भारतीय चित्रपटाच्या इतिहासाने दाखवून दिले आहे. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये मुंबईत प्रदर्शित झाला. आज त्याची काही रिळेच उपलब्ध आहेत. १९३१ मधील ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. भारतात तयार झालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी अगदी मोजके आज पाहता येतात. त्या काळची नायट्रेट फिल्म ज्वालाग्राही होती. अनेक रिळे आगीत नष्ट झाली आणि अनेक रिळे त्यांतील चांदी काढण्यासाठी मोडीत विकली गेली. खेळ संपल्यावर चित्रपटाला काही मोल उरते, असे तेव्हा फारसे कोणास वाटले नव्हते.

१९६४ मध्ये पुणे येथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पी. के. नायर यांनी गावोगाव, गोदामांतून आणि निर्मात्यांच्या वारसांकडून रिळे मिळविली. त्यांच्या प्रयत्नांमुळे जे वाचले त्याचे श्रेय मोठे आहे. तरीही २००३ च्या जानेवारीत पुण्यातील साठवणगृहास लागलेल्या आगीत नायट्रेटची पुष्कळ रिळे भस्मसात झाली. एकाच ठिकाणी ठेवलेली एकच प्रत कधीही सुरक्षित नसते, हा त्या घटनेचा धडा होय. पुढे केंद्र शासनाने राष्ट्रीय चित्रपट वारसा अभियान हाती घेतले आणि २०२२ मध्ये हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आले.

चित्रपटांसाठी अशी राष्ट्रीय संस्था आहे. गावातील कॅसेटीसाठी मात्र अशी संस्था आपोआप धावून येत नाही. लोकसंगीताच्या क्षेत्रात १९८२ मध्ये स्थापन झालेल्या व सध्या गुरुग्राम येथे असलेल्या वंशसंगीतशास्त्र अभिलेख व संशोधन केंद्राने गोवा व पश्चिम राजस्थान येथील कलावंत समाजांना सहभागी करून घेऊन ध्वनिचित्रमुद्रणाचे काम केले आहे. कलावंत हा केवळ चित्रणाचा विषय नसून त्या चित्रणाचा भागीदार आहे, हे या कामामागील सूत्र अनुकरणीय आहे.

घरी व संस्थेत घ्यावयाची काळजी

जतनाची पहिली पायरी खर्चाची नाही. पुढील गोष्टी कोणत्याही घरात, शाळेत वा देवस्थानच्या कार्यालयात करता येण्याजोग्या आहेत.

(१) कॅसेट तिच्या डबीत, पुस्तकासारखी उभी ठेवावी. आडव्या ठेवलेल्या कॅसेटीतील वेटोळे एका बाजूस दबते.

(२) कपाट भिंतीला चिकटून अथवा जमिनीलगत नसावे. चुलीचा धूर, ऊन, ओल व ध्वनिवर्धकातील चुंबक यांपासून ते दूर असावे. माळा ही जागा उष्णतेमुळे अयोग्य होय.

(३) कोरड्या हवेच्या दिवसांत, म्हणजे साधारणतः डिसेंबर ते फेब्रुवारीत, कॅसेटी तपासाव्यात. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह त्या ठेवणे चांगले. मात्र ओलसर कॅसेट डब्यात बंद करू नये, कारण त्यामुळे बुरशी अधिक वाढते. पुड्याही वेळोवेळी वाळवाव्या लागतात.

(४) व्हीएचएस कॅसेटीच्या पाठीमागील बाजूस प्लास्टिकचा लहान तुकडा असतो. तो मोडून टाकल्यास त्या कॅसेटीवर चुकून दुसरे मुद्रण होत नाही. मिनी-डीव्ही कॅसेटीवर यासाठी सरकती कळ असते. जुन्या जत्रेवर दूरदर्शनवरील मालिका मुद्रित झाल्याने कितीतरी चित्रणे गेली आहेत. ही साधी खबरदारी त्यावर उपाय आहे.

(५) बुरशी दिसत असलेली कॅसेट यंत्रात मुळीच घालू नये. ती वेगळी ठेवून जाणकाराकडे सोपवावी. तिची हाताळणी करताना नाकातोंडावर मुखपट्टी बांधावी.

(६) चालू स्थितीतील व्हीसीआर किंवा कॅमेरा भंगारात देऊ नये. कॅसेटीइतकेच तिचे यंत्रही मोलाचे आहे.

डिजिटल प्रत : उपाय आणि त्याच्या मर्यादा

फीत कितीही सांभाळली तरी ती चिरकाल टिकणार नाही. म्हणून तिच्यावरील चित्रण संगणकीय स्वरूपात उतरवून घेणे, हाच दीर्घकालीन उपाय आहे. हे काम वेळखाऊ आहे. एक तासाची कॅसेट उतरविण्यास किमान एक तास लागतो. यंत्राची सफाई, तपासणी व नोंद धरता त्याहून अधिक. मिनी-डीव्हीवरील एका तासाच्या चित्रणास सुमारे तेरा गिगाबाइट जागा लागते. व्हीएचएसवरील चित्रणाची कोणताही तपशील न गाळता केलेली प्रत त्याहून बरीच अधिक जागा घेते. जागा वाचविण्यासाठी आकुंचित केलेली लहान प्रत भ्रमणध्वनीवर पाहण्यास सोयीची असते. पण ती मूळ जतनप्रत समजू नये. आकुंचनात गेलेला तपशील पुन्हा मिळत नाही. शक्य तेथे एक मोठी जतनप्रत व एक लहान दर्शनप्रत अशा दोन प्रती कराव्यात.

संगणकीय प्रत झाली म्हणजे काम संपले, असा समज दिसून येतो. तो चुकीचा आहे. संगणकाची तबकडी काही वर्षांत नादुरुस्त होते. घरी मुद्रित केलेल्या सीडी व डीव्हीडीवरील रासायनिक थर दमट व उष्ण हवेत फिका पडतो. त्यामुळे जगभरातील अभिलेखागारे एक सोपा नियम पाळतात. प्रती तीन असाव्यात. त्या दोन भिन्न प्रकारच्या साधनांवर असाव्यात. आणि त्यांपैकी एक दुसऱ्या गावी असावी. पेडण्यातील संस्थेने आपली एक प्रत डिचोलीतील संस्थेकडे आणि डिचोलीने आपली पेडण्याकडे ठेवली, तरी हा हेतू साध्य होतो. दर पाच वर्षांनी सर्व प्रती नव्या साधनावर उतरवून घ्याव्यात व त्या अखंड आहेत की नाहीत हे तपासावे. डिजिटल जतन म्हणजे एकदा करून विसरण्याचे काम नव्हे. ते देवळातील नंदादीपाप्रमाणे सतत तेल घालण्याचे काम आहे.

उतरवून झाल्यावरही मूळ कॅसेट टाकून देऊ नये. प्रतीत काही दोष राहिल्याचे पुढे आढळल्यास मूळ कॅसेटीकडेच परत जावे लागते.

नोंदीवाचून चित्रण मुके

कपाटात ‘नाटक’ एवढेच लिहिलेल्या वीस कॅसेटी असतील, तर त्यांचे मोल निम्म्याने घटते. कोणते नाटक, कोणत्या देवळात, कोणत्या वर्षी, राजाच्या भूमिकेत कोण, मृदंगावर कोण, हे सांगू शकणारी माणसे आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. फितीचा धोका जेवढा, तेवढाच या स्मरणाचाही धोका आहे.

प्रत्येक चित्रणासाठी पुढील माहिती नोंदवावी : चित्रणाचे नाव व विषय, स्थळ, वाडा व देवस्थान, दिनांक, तो ठाऊक नसल्यास तिथी किंवा उत्सव, कलावंत व वादक, चित्रण करणारा, भाषा, कालावधी, कॅसेटीचा प्रकार व स्थिती, मूळ प्रत कोणाकडे आहे, आणि दाखविण्यास कोणाची, कोणत्या अटीवर संमती आहे. ही नोंद कागदी वहीत व संगणकात अशी दुहेरी असावी आणि कॅसेटीवर व फाइलीच्या नावात एकच क्रमांक असावा.

शिक्षकांना येथे मोठा वाव आहे. इयत्ता आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी आपल्या आजोबांसमवेत बसून जुने चित्रण पाहावे, दिसणारी माणसे, दागिने, वाद्ये व जागा ओळखून घ्याव्यात आणि कितव्या मिनिटाला काय दिसते ते लिहून काढावे. यातून भाषा, इतिहास व परिसर अभ्यास हे तिन्ही विषय साधतात. दशावतारातील उत्स्फूर्त संवाद अशा रीतीने लिहून काढल्यास ज्या कलेला संहिता नाही तिची एक विश्वसनीय संहिता तयार होईल.

हक्क व संमती

वाचविलेले चित्रण दाखविण्यापूर्वी ते कोणाच्या मालकीचे आहे, हा प्रश्न उपस्थित होतो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार चित्रपटाच्या व्याख्येत व्हिडिओ चित्रणही येते. मोबदला देऊन एखाद्याने चित्रण करवून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर करवून घेणारा हा प्रथम मालक ठरतो. देवस्थान समितीने पैसे देऊन चित्रित करविलेल्या नाटकाच्या बाबतीत हे लक्षात घ्यावे. प्रताधिकार प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोग सादर करणाऱ्या कलावंतालाही स्वतंत्र हक्क मिळाला असून त्याची मुदत पन्नास वर्षे आहे. २०१२ च्या दुरुस्तीने बिनव्यापारी सार्वजनिक ग्रंथालयांना, त्यांच्याकडे मूळ प्रत असल्यास, जतनासाठी तिची संगणकीय प्रत ठेवण्याची मुभा दिली आहे. ग्रंथपालांनी ही तरतूद अवश्य लक्षात ठेवावी.

कायद्यापलीकडे औचित्याचाही प्रश्न आहे. डिचोली तालुक्यातील साळ येथील गडे उत्सव शिमग्याच्या काळात रात्रीच्या अंधारात साजरा होतो. अशा श्रद्धेच्या विधींचे चित्रण करावे किंवा नाही, केलेले चित्रण कोणाला दाखवावे, हे ठरविण्याचा अधिकार त्या गावाचा व मानकऱ्यांचा आहे. एखादे चित्रण जतन करून ठेवावे, परंतु जाहीररीत्या दाखवू नये, असाही निर्णय योग्य ठरू शकतो. जतन आणि प्रदर्शन या दोन स्वतंत्र बाबी आहेत. कलावंताचे निधन झाले असल्यास त्याच्या कुटुंबियांची संमती घेणे हे सौजन्याचे व शहाणपणाचे लक्षण होय.

प्रसाराचे मार्ग

जे पाहिले जात नाही, त्याची काळजी घेण्यास हळूहळू कोणी उरत नाही. म्हणून प्रसार हा जतनाचाच एक भाग मानला पाहिजे. चित्रपटगृहाचा मार्ग स्वतंत्र चित्रणाला सहसा खुला नसतो. अन्य देशांतील कलावंतांनी यासाठी आपल्या संस्था उभारल्या. न्यूयॉर्कमध्ये १९६२ मध्ये व लंडनमध्ये १९६६ मध्ये चित्रपटकारांच्या सहकारी संस्था निघाल्या. व्हिडिओ कलेसाठी न्यूयॉर्क येथे १९७१ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स इंटरमिक्स, शिकागो येथे १९७६ मध्ये व्हिडिओ डेटा बँक आणि टोरांटो येथे १९८० मध्ये व्ही-टेप या संस्था सुरू झाल्या. त्यांची पद्धती सुबोध आहे. कृतीची मालकी कलावंताकडेच राहते. संस्था तिची प्रत शाळा, महाविद्यालये व संग्रहालये यांना शुल्क घेऊन पाहावयास देते. त्या शुल्कातील वाटा कलावंतास मिळतो. वितरणासाठी जमलेल्या प्रती जुन्या होऊ लागल्या तेव्हा त्यांचे जतन करण्याची जबाबदारीही अशा संस्थांवरच आली.

भारतात १९५९ मध्ये स्थापन झालेल्या फिल्म सोसायटी महासंघाने वेगळ्या वळणाचे चित्रपट गावोगाव नेले. २००८ मध्ये मुंबई, बंगळूर व बर्लिन येथील संस्थांनी मिळून ‘पॅड.मा’ हा चित्रणांचा सार्वजनिक संग्रह सुरू केला. पूर्ण झालेल्या चित्रपटांऐवजी त्यांच्यासाठी केलेले मूळ चित्रण तेथे ठेवले जाते आणि कोणत्या क्षणी काय दिसते याची टिपणे त्यास जोडलेली असतात. त्यामुळे शेकडो तासांच्या चित्रणातून हवा तो क्षण शोधता येतो. ग्रामीण संग्रहासाठीही हा नमुना उपयुक्त आहे.

गोव्यात २००४ पासून भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरत आहे. पणजीतील त्या उत्सवाने चित्रपट पाहण्याची सवय लावली. ती वर्षभर तालुक्यात जोपासणे हे स्थानिक संस्थांचे काम आहे. साखळीचे रवींद्र भवन, ग्रामपंचायतींची सभागृहे, वाचनालये व शाळा येथे दोन-तीन महिन्यांतून एकदा जुन्या चित्रणांचा कार्यक्रम ठेवता येईल. ज्या गावचे चित्रण, ते प्रथम त्याच गावात दाखवावे. पाहणाऱ्यांकडून मिळणारी माहिती त्याच वेळी लिहून घ्यावी आणि घरोघरी पडून असलेल्या अन्य कॅसेटींची विचारपूसही करावी. जाहीर प्रदर्शनासाठी १९५२ च्या चलच्चित्र कायद्यानुसार प्रमाणपत्राची आवश्यकता असते, हे ध्यानी ठेवून आयोजकांनी संबंधित कार्यालयाकडे आगाऊ चौकशी करणे इष्ट. आंतरजालावर चित्रण ठेवताना ते परत घेणे अवघड असते; म्हणून प्रथम संमती, नंतर प्रकाशन, हा क्रम मोडू नये. आंतरजालावरील व्यापारी संकेतस्थळ हे प्रसाराचे साधन आहे, जतनाचे नव्हे. तेथील खाते बंद झाल्यास चित्रणही जाते.

आरंभ कोठून करावा?

एका गावापुरता विचार केल्यास काम आवाक्यातले आहे. पहिल्या महिन्यात कोणाकडे कोणती कॅसेट आहे याची यादी करावी. दुसऱ्या महिन्यात तीन कसोट्या लावून अग्रक्रम ठरवावा : जिची दुसरी प्रत कोठेही नाही, जिची स्थिती बिघडत चालली आहे आणि जिच्याविषयी सांगणारी माणसे वयोवृद्ध आहेत, ती कॅसेट प्रथम. त्यानंतर चालू यंत्र असलेल्या व्यावसायिकाकडून किंवा संस्थेकडून ती उतरवून घ्यावी. एकेकट्या गावास खर्च न झेपल्यास चार-पाच गावांनी मिळून एक यंत्र राखावे. चित्रीकरणाचा व्यवसाय केलेल्या जुन्या मंडळींकडे मूळ कॅसेटी असण्याचा संभव अधिक असतो. त्यांना सन्मानाने या कामात सहभागी करून घ्यावे.

युनेस्कोने १९८० मध्ये २७ ऑक्टोबर रोजी चलच्चित्रांच्या जतनाविषयीची शिफारस संमत केली. त्या स्मरणार्थ तो दिवस जगभर दृक्‌श्राव्य वारसा दिन म्हणून पाळला जातो. पावसाळा सरलेला असतो आणि जत्रांचा हंगाम जवळ आलेला असतो. गावातील कपाटे उघडून कॅसेटींची तपासणी करण्यास हा दिवस सोयीचा आहे.

दप्तरातील कागद राखणाऱ्यांनी चार शतकांपूर्वी जी दूरदृष्टी दाखविली, तिचा लाभ आजची पिढी घेत आहे. फितीच्या बाबतीत मात्र चार शतकांची सवड नाही. पेडण्यातील एखाद्या वृद्ध दशावतारी नटाचा आवाज किंवा डिचोलीतील एखाद्या बुजलेल्या वहाळाचे दृश्य पुढील पिढीला मिळेल की नाही, हे येत्या काही पावसाळ्यांतच ठरणार आहे. ग्रामस्थांनी कॅसेट द्यावी, शिक्षकांनी नोंद करावी, ग्रंथालयांनी प्रत राखावी आणि अधिकाऱ्यांनी या तिघांना जोडून द्यावे. एवढे झाले तरी पुष्कळसे हाती लागेल.